एदेल्मिराची अडतीस यंत्रं

कीलाला फुलोरा आला तेव्हा बेटावरच्या बायका बटाट्याच्या शेताकडं धावल्या. एदेल्मिरा चिगुआय धावली ती कोठाराकडं.

कीला म्हणजे आमच्या उतारावरचा रानबांबू. इतका दाट, की बैलसुद्धा आत शिरायला कां कूं करतो. माणसाच्या उभ्या जन्मात तो एखाददुसऱ्या वेळी फुलतो, ढिगानं बी सांडतो आणि वाळून मरतो. ते बी खाऊन लांब शेपटीच्या उंदरांची अशी वीण वाढते की काही बोलायची सोय नाही. बी संपलं की ते खाली उतरतात, सगळे एकदम. एदेल्मिरा सहा वर्षांची असताना एकदा उतरले होते, तेव्हा त्यांनी दारातल्या बुटांचे तळवेही सोडले नव्हते. आता तिला सहासष्टावं लागलं होतं, आणि कोठाराच्या मागची कीलाची झुडपं पिवळट तुऱ्यांनी वाकली होती.

त्या कोठारात अडतीस जुने संगणक होते. काही कीबोर्डाच्या पोटातच सगळं असलेले, टीव्हीला जोडायचे आणि कॅसेटवरून चालवायचे. काही नंतरचे, मोठ्या डोक्याचे, हिरवी अक्षरं उमटवणारे. बेटाबेटांवरच्या शाळांनी ते भंगार म्हणून बाहेर काढले आणि हिनं होडीतून एकेक घरी आणले. त्यातले एकतीस चालत होते. वीस एप्रिलला ते न्यायला वाल्दिवियाहून ट्रक येणार होता.

ट्रक पाठवणारी मुलगी म्हणजे माइते आरियागादा. वाल्दिवियात जुन्या यंत्रांचं एक छोटं संग्रहालय उभं राहत होतं, तिथं ती कामाला होती. जानेवारीत येऊन दोन दिवस कोठाराच्या जमिनीवर मांडी घालून बसली, एकेक यंत्र चालू होताना पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना म्हणाली, "बाई, यांच्यासाठी वेगळी खोली करणार आम्ही. आणि दारावर तुमचं नाव लावणार."

मार्चमध्ये तिचा फोन आला. आवाज जरा दबलेला होता.

"बाई, तुमच्याकडं कीला फुललाय म्हणे?"

"फुललाय तर. दिसतोय खिडकीतून."

"मग एक सांगायचंय. वरून नियम आलाय. सामानात उंदराची एक लेंडी जरी सापडली, तरी ट्रकमध्ये काहीच चढवायचं नाही. हान्ताच्या तापामुळं. लेंड्यांची धूळ श्वासातून आत गेली तरी माणूस जातो."

"एक लेंडी?"

"एकसुद्धा नाही, बाई."

"मग आधीच या ना गं. उद्या या. परवा या."

"खोलीचं छप्पर गळतंय. वीस तारखेच्या आत ती ताब्यात मिळत नाही. तेवढे दिवस सांभाळा, बाई. कसंही करून सांभाळा."

एदेल्मिरानं फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात दिवस मोजले. एकेचाळीस होते.

आता हिला या यंत्रांचा एवढा कळवळा का, ते सांगायला हवं. एदेल्मिरा काही मास्तरीण नव्हती. ती शाळेतली स्वयंपाकीण. एकतीस वर्षं पोरांना सूप, भात आणि बटाट्याच्या भाकऱ्या करून घातल्या. शाळेत पहिले चार संगणक आले तेव्हा मास्तरांनी ते मोठ्या मानानं मांडले, आणि दोन महिन्यांत चारही मुके झाले. आमच्याकडं वर्षातले दहा महिने भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, तिथं यंत्रांची काय कथा! मास्तरांनी ते कोपऱ्यात टाकून वर चादर घातली. हिला राहवलं नाही. ज्या जाळीवर ती चुलीच्या उबेत पोरांचे मोजे वाळत घालायची, तिच्यावर तिनं एक यंत्र ठेवलं, झाकण काढून. तिसऱ्या दिवशी ते बोलायला लागलं.

"काय केलंस तू याला?" मास्तरांनी विचारलं.

"वाळवलं," ती म्हणाली. "ओलं होतं बिचारं."

तिथून ती शिकत गेली. यंत्रातली कुठली सर्किटची पाटी हिरवी पडते, कुठला डाग खरवडायचा, कुठं कथलाचा डाग द्यायचा, हे सगळं ती चुलीपाशी उभी राहून शिकली. आसपासच्या बेटांवरून मास्तर लोक बिघडलेली यंत्रं पोत्यात घालून आणायचे आणि बरी करून न्यायचे. साहेब तपासणीला आले की मात्र यंत्रं दाखवायचे मास्तर, आणि हिला सांगायचे, "जरा चहाचं बघा." कागदोपत्री ती स्वयंपाकीण म्हणूनच निवृत्त झाली. तिनं तक्रार कधी केली नाही, पण ते लागलं होतं. दारावर नाव म्हटल्यावर ती बाई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही, इतकं ते आत गेलं होतं.

घरात तिच्यासोबत धाकटा भाऊ नोल्बेर्तो. एकसष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा, समुद्रात शिंपले वाढवायच्या दोरांवर काम करणारा, आणि तोंडाचा मोठा फटकळ.

"ताई, तुझ्या पेट्या एवढ्या हुशार ना," तो म्हणाला, "मग त्यांनाच सांग की उंदीर पळवायचा प्रोग्राम लिहा म्हणून."

"तू पत्रे काप. तोंड नंतर चालव."

तिनं जिवाचं रान केलं. फळ्यांच्या प्रत्येक फटीवर पत्रा ठोकला. दाराखाली लोखंडी पट्टी मारली. भांडी घासायच्या तारेचे बोळे भोकांत कोंबले, आणि दुसऱ्याच दिवशी ते सगळे उपसून काढले, कारण त्या तारेचा तुकडा पाटीवर पडला तर यंत्र जळतं हे तिला ठाऊक होतं. विष ठेवावं तर उंदीर आत कुठंतरी मरणार आणि त्याच्या रसानं पाट्या कुजणार. मांजरं दोन होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी पराक्रम गाजवला, दुसऱ्या आठवड्यात खाऊन खाऊन ती सुस्त झाली आणि उंदीर समोरून जाताना नुसती मान वळवून बघू लागली. यंत्रं घरात हलवावीत, तर घरात पीठ, बटाटे, वाळवलेली सफरचंदं. तिथं उंदीर आधी येणार.

वीस मार्चला कोठाराच्या मागच्या पत्र्यावर दातांच्या खुणा दिसल्या. एदेल्मिरा तिथंच खाली बसली. कीलाचं बी अजून संपलंसुद्धा नव्हतं.

"हे कोठारच इथून हलवायला पाहिजे," नोल्बेर्तो म्हणाला. या वेळी तो थट्टा करत नव्हता. "मिंगा घालू. खाली किनाऱ्यावर नेऊ, खांबांवर ठेवू. भरतीला खाली पाणी राहील. पाण्यातून कुठला उंदीर येतोय?"

"खारा वारा लागेल यंत्रांना."

"महिनाभर लागू दे. दात लागण्यापेक्षा बरा."

मिंगा घालायची म्हणजे घरोघरी जाऊन हात जोडायचे. कुणी पैसे मागत नाही, द्यायचेही नाहीत. ती आधी एलेउतेरियो बारियाकडं गेली, कारण बेटावर सगळ्यात तगडे बैल त्याचे. एलेउतेरियो कुंपणाशी लाकडं फोडत होता. त्याची बायको क्लोरिंदा ओट्यावर बसून लोकर विंचरत होती.

"एलेउतेरियोभाऊ, कोठार ओढायचंय."

"त्या टीव्हीच्या भुतांचं?"

"तेच."

"किती जड आहेत गं ती?"

"यंत्रं मी आधी बाहेर काढते. नुसतं कोठार ओढायचंय."

एलेउतेरियोनं कुऱ्हाड ठेवली. "माझ्या धाकट्यानं तुझ्या त्या पेटीवरच आकडेमोड शिकली," तो म्हणाला. "आता तो पोर्तो मोंतला बोटींचा हिशेब बघतो. ये, शनिवारी ओढू."

"दिवस परत फेडायचा हं, एदेल्मिरा," क्लोरिंदा हसत म्हणाली. "बटाट्याला लागेल मला."

"फेडीन की. सांगायला पाहिजे का?"

आमच्याकडं दिवस हा असाच फिरतो. तू माझ्यासाठी एक दिवस राबलास, मी तुझ्यासाठी एक दिवस राबणार, आणि बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणाऱ्याला पुढं कुणी बोलावत नाही, आणि कुणी बोलावत नाही अशा माणसानं बेटावर राहून करायचं काय?

शनिवारी एकवीस माणसं आली, बैलांच्या चार जोड्या आल्या. कोठाराखाली दोन लांब ओंडके सारले, दोर बांधले. एलेउतेरियोनं आरोळी दिली तशी माणसं मागून खांदा लावून रेटू लागली, बैल पुढं ओढू लागले, आणि कोठार करकरत, डुलत उतारावरून निघालं. एदेल्मिरा बाजूनं पळत होती, "सावकाश रे, सावकाश!" ओरडत. आत एक खिळासुद्धा उरला नव्हता, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी कोठार भरतीच्या रेषेवर खांबांवर चढलं. तिनं सगळ्यांना मेंढीचं मांस, बटाट्याच्या भाकऱ्या आणि सफरचंदाची आंबवलेली चिचा वाढली, आणि संध्याकाळपर्यंत अडतीसच्या अडतीस यंत्रं फळ्यांवर ओळीनं मांडली. प्रत्येक खांबाला तिनं पत्र्याची उलटी टोपली ठोकली, म्हणजे चढणारा उंदीर तिच्याखाली अडकून माघारी फिरावा. चढायची फळी ती रोज काढून घरी न्यायची.

एकच भानगड होती. ओहोटीला समुद्रशेवाळाचे ढीग खांबांना लागून राहायचे. ढीग पत्र्याच्या वर गेला की पत्रा असून नसल्यासारखा. म्हणून ती रोज दोनदा दाताळं घेऊन शेवाळ उपसायची. तीन आठवडे तिनं एक ओहोटी चुकवली नाही. डोळ्यांत तेल घालून राखण केली म्हणतात ती ही. एप्रिलची बारा तारीख उजाडली, आणि कोठारात एक लेंडी नव्हती.

तेरा तारखेला सकाळी क्लोरिंदा दारात उभी राहिली. या वेळी ती हसत नव्हती.

"उतरले गं," ती म्हणाली. "काल माझ्या शेताच्या वरच्या बांधापर्यंत आले. बटाटे आज काढले नाहीत तर हिवाळ्यात आम्ही खाणार काय? माझे दोन दिवस तुझ्याकडं आहेत, एलेउतेरियोचा एक आणि माझा एक. आज लागतात."

"क्लोरिंदा, सातच दिवस राहिलेत गं माझे. शेवाळ काढायला मीच लागते तिथं."

"माहीत आहे मला."

"नोल्बेर्तोला पाठवते."

"त्याच्याकडंही माणसं निघालीयेत. तो ओयार्सोंच्या शेतावर जाणार. आणि एदेल्मिरा, मी एकटी नाहीये. मान्सियांच्या घरचे येतील उद्या तुला बोलवायला, मग पाइयानांचे. सगळ्यांचे बटाटे एकाच वेळी जातायत."

नाही म्हणायचा शब्द एदेल्मिराच्या तोंडात आला होता, हे तिनं पुढं स्वतः कबूल केलं. पण ज्या खांद्यांनी कोठार रेटलं होतं त्यांच्या चुली हिवाळ्यात थंड ठेवायच्या, आणि आपण मात्र यंत्रांपाशी दाताळं घेऊन उभं राहायचं, हे तिच्यानं झालं नाही. तिनं फावडं उचललं.

चार दिवस ती वाकून बटाटे काढत होती. सऱ्यांमधून उंदीर पायांवरून पळत होते. बायका आधी किंचाळून किंचाळून थकल्या, मग नुसत्या लाथा झाडत काम करू लागल्या. एदेल्मिराचं अर्धं लक्ष समुद्राकडं. अंधार पडेपर्यंत काम चालायचं, आणि घरी आल्यावर भरतीचं पाणी कोठाराखाली पोचलेलं असायचं. शेवाळ काढायची ओहोटी दोन्ही वेळा हुकत होती. चौदा तारखेला वादळ झालं.

पंधराला एलेउतेरियो सरीतच बसला. ताप होता, कंबर धरली होती. "वय झालं, दुसरं काय," तो म्हणाला. दुपारपर्यंत त्याला श्वास पुरेना. दवाखान्याची बोट आली, नर्सनं सगळ्यांना लांब उभं केलं, तोंडाला फडकं बांधायला लावलं, आणि त्याला घेऊन गेली. क्लोरिंदा धक्क्यावर उभी राहून बोट दिसेनाशी होईपर्यंत त्याचं नाव घेत होती. रेडिओवर बाई रोज सांगायची: बंद खोली आधी उघडी ठेवा, झाडू मारू नका, धूळ उडवू नका, क्लोरीनचं पाणी मारा, मगच आत जा.

सतरा तारखेला एदेल्मिरा मोकळी झाली. किनाऱ्यावर गेली तर वादळानं लोटलेला शेवाळाचा ढीग थेट कोठाराच्या तळाला टेकला होता. आणि किनाऱ्यावर, जिथवर नजर जाईल तिथवर, उंदीर. भुकेनं आणि तहानेनं वेडे होऊन ते पाण्याकडंच आले होते. काही बुडून मेले होते, काही शेवाळावर चढून बसले होते. पाण्यातून कुठला उंदीर येतोय, म्हणाला होता नोल्बेर्तो. अरे, ते येणारच होते पाण्याकडं! सहा वर्षांची असताना तिनं ओढ्यात मेलेल्या उंदरांचा थर पाहिला होता. आणि तरी आपल्या हातांनी कोठार ओढून त्यांच्या वाटेवर आणून ठेवलं होतं.

तिनं दार उघडलं, अर्धा तास बाहेर उभी राहिली. मग तोंडाला दुहेरी फडकं बांधून आत गेली. भिंतीकडेला लेंड्या होत्या. फळीचा एक कोपरा कुरतडलेला होता. एका मोठ्या यंत्राच्या मागच्या जाळीतून गवत बाहेर आलं होतं, आणि आत, तारांच्या चघळलेल्या आवरणांत, पाच गुलाबी पिल्लं.

"गेलं," ती म्हणाली. "सगळं गेलं."

नोल्बेर्तो दारात येऊन उभा राहिला. त्यानं आत पाहिलं, मग बहिणीकडं पाहिलं.

"एकातच आहे ना?"

"दिसतंय ते एकात."

"मग ते एक पुरून टाक. जमीन धू. कोण येतंय मोजायला?"

"अडतीसांची यादी आहे तिच्याकडं."

"एक समुद्रात पडलं म्हण. ताई, ऐक माझं. जन्मभर तू राबलीस आणि नाव दुसऱ्यांचं झालं. आता एका लेंडीपायी हेही घालवणार? दोन दिवसांत सगळं वाळेल, मरेल जे मरायचं ते."

क्लोरीन यंत्रांवर मारता येत नव्हतं. पाट्यांना ते लागलं की आठवड्याभरात तांबं खाल्लं जातं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिनं ते एक यंत्र पिल्लांसकट खोल खड्ड्यात टाकून वर क्लोरीन ओतलं आणि माती लोटली. जमीन धुतली, भिंती धुतल्या. मग एकेका यंत्राचं झाकण उघडून पाहू लागली. बारा उघडली. बारा स्वच्छ निघाली. तेराव्याच्या स्क्रूवर पेचकस ठेवला आणि तिचा हात थांबला. बाकीची पंचवीस तिनं उघडली नाहीत. उघडली असती तर कळलं असतं, आणि कळायलाच तिला नको होतं.

वीस तारखेला ट्रक फेरीबोटीतून उतरला. माइते आधी उडी मारून खाली आली, धावत येऊन एदेल्मिराच्या गळ्यात पडली. सोबत ट्रकवाला होता, तो खोकी काढू लागला.

"समुद्रावर आणलंत सगळं कोठार! बाई, तुम्ही म्हणजे ना! काही शिरलं नाही ना आत?"

"धुऊन घेतलंय," एदेल्मिरा म्हणाली. "एक यंत्र मात्र गेलं. समुद्रात."

"अरेरे. पण सदतीस आहेत! मी विचार करत होते दहा तरी वाचतील का."

दारं सताड उघडी होती, क्लोरीनचा वास येत होता. माइतेनं फळ्यांवरच्या ओळीकडं पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की एदेल्मिराला तिच्याकडं बघवेना. मुलीनं कीबोर्डाचं एक छोटं यंत्र उचललं, दोन्ही हातांत तोललं, हलकंच हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढं.

"धूळ साचलीये," ती म्हणाली. कार्ट्रिज घालायची खाच तिनं तोंडापाशी आणली, फुंकर मारण्यासाठी गाल फुगवले. या यंत्रांना जीव लावणारं प्रत्येक माणूस हेच करतं. एदेल्मिरानं स्वतः तीस वर्षं हेच केलं होतं.

"नको!"

तिनं झेप घेऊन माइतेच्या हातावर फटका मारला. यंत्र जमिनीवर आपटलं, कवच दुभंगलं, आणि दोघींच्या मधे धूळ उठली. गवताच्या काड्या, वाळलेल्या लेंड्या, आणि उन्हाच्या तिरिपेत सावकाश वर चढणारी बारीक राखाडी धूळ.

"बाहेर हो! श्वास घेऊ नकोस! बाहेर हो गं पोरी!"

तिनं मुलीला दंडाला धरून ओढत वाळूवर नेलं. माइतेचा चेहरा पांढराफटक पडला होता. ट्रकवाला चार पावलं मागं सरला होता.

"उंदीर होते," एदेल्मिरा म्हणाली. "घर करून होते. मी एक पुरलं. बाकीची उघडून पाहिली नाहीत. मुद्दाम पाहिली नाहीत. खोटं बोलले मी तुझ्याशी."

"काल फोन केला होता मी," माइते म्हणाली. "काल का नाही सांगितलंत?"

"काल तुझं तोंड समोर नव्हतं."

माइते रागावली नाही, ते फार वाईट झालं. दोन शिव्या दिल्या असत्या तर एदेल्मिराला बरं वाटलं असतं. पोरगी नुसती ओठ पुसत राहिली, बाहीनं, पुन्हा पुन्हा. नर्सनं दोघींची नावं लिहून घेतली आणि बेचाळीस दिवस ताप बघायला सांगितलं. ट्रक रिकामा परत गेला.

दुसऱ्या दिवशी एदेल्मिरानं क्लोरीनचं पाणी केलं. किनाऱ्यानं पोरं येतात जातात, कोठार तसं ठेवता येणार नव्हतं. तिनं तोंड बांधलं आणि एकेका यंत्राचं झाकण काढून, आतल्या पाट्यांवर, तारांवर, तिनंच कधीतरी दिलेल्या डागांवर पाणी मारलं, निथळेपर्यंत. पहिल्या यंत्राला दोनदा हात मागं घेतला, पुढच्या छत्तिसांना नाही. नोल्बेर्तो म्हणाला, "मी करतो, ताई." ती म्हणाली, "तुला जमायचं नाही." एवढंच दोघांचं बोलणं झालं त्या दिवशी. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही.

मग रोज सकाळी फोन.

"ताप?"

"नाही, बाई."

"अंग दुखतंय?"

"नाही. तुम्हाला?"

"माझं सोड."

नवव्या दिवशी एलेउतेरियो परत आला, पण शवपेटीतून. बैलांच्या चारही जोड्या त्याच्यामागून स्मशानापर्यंत चालल्या. मातीच्या कडेला क्लोरिंदानं एदेल्मिराचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं सुन्न झाली. त्या दिवशी एदेल्मिरानं वाल्दिवियाला तीनदा फोन केला.

तेविसाव्या दिवशी माइते म्हणाली, "डोकं जरा दुखतंय." एदेल्मिरानं देवापुढं मेणबत्ती लावली, मग दुसरी लावली, मग जे कधी कुणाकडं मागितलं नव्हतं ते मागितलं: मला ने, पण तिला सोड. संध्याकाळी कळलं की पोरगी रात्रभर जागून संग्रहालयाचे फलक रंगवत होती. एदेल्मिरानं तिला फोनवर झापलं, पोटच्या पोरीला झापावं तसं. जेवतेस का, झोपतेस का, तुझी आई कुठंय, तिला नाही का कळत? पलीकडं माइते गुपचूप ऐकत होती.

यंत्रांचं नाव त्या बेचाळीस दिवसांत दोघींपैकी कुणीच काढलं नाही. एदेल्मिराला त्यांची आठवण होत नव्हती असं नाही, पण ती आठवण आता कुठंतरी मागं, रांगेत उभी होती. ती बटाटे सोलायची, चुलीत लाकूड सरकवायची आणि घड्याळाकडं बघायची. फोनची वेळ झाली की हातातलं टाकून उठायची. एकदा पोरगी तिसऱ्या घंटीला उचलेना, तर तेवढ्या वेळात हिच्या हातातली कढई खाली पडली.

एक जूनला, बेचाळिसाव्या दिवशी, सकाळी नोल्बेर्तो दारात बूट घालत होता. आतून बहिणीचा आवाज आला.

"ताप?"

मग बाकडं करकरल्याचा आवाज, आणि मग असं रडणं, की त्यानं आयुष्यात कधी बहिणीचं ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही, ट्रक गेला तेव्हाही नाही. तो एका पायात बूट घेऊन आत धावला. फोन जमिनीवर पडला होता. एदेल्मिरा बाकावर वाकून, तोंडात पदरासारखं ॲप्रन कोंबून हुंदके देत होती.

"ताई! काय झालं? बोल ना! गेली का पोरगी?"

तिनं जोरजोरात मान हलवली. शब्द फुटायला वेळ लागला.

"नाही रे," ती म्हणाली. "जगली. जगली ती."